विमानांकडे पाठ करून

विमानांच्या कसरती बघायला म्हणून एक माणूस आपल्याला यवतहून पार पुण्यापर्यंत घेऊन जातो, भर उन्हात तीन तास उभं करतो, आणि विमानं डोक्यावर आली की स्वतः त्यांच्याकडे पाठ करून उभा राहतो. अशा माणसाला काय म्हणायचं? आम्ही सार्जंटचाचा म्हणायचो. मनातल्या मनात आणखी बरंच काही म्हणायचो, पण ते इथं नको.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत केमिस्ट म्हणून नुकता चिकटलो होतो. चाचा एअरफोर्समधून रिटायर होऊन त्याच कंपनीच्या सेफ्टी खात्यात आले होते. दोघंही यवतचे, एकाच स्टॉपवरून कंपनीची बस पकडणारे, त्यामुळे गट्टी जमली. त्या दिवशी आम्ही सहाजण गेलो होतो. वर नऊ विमानं एकमेकांना खेटून निघाली, दोन सुटी झाली आणि त्यांनी धुराचा हा एवढा बदाम काढला. आम्ही आ वासून बघतोय आणि चाचा लोकांकडे तोंड करून ओरडतायत, "ओ ताई, दोरीच्या आत या! भाऊ, पोरगं खांद्यावरनं खाली घ्या!"

मी म्हटलं, "चाचा, वर बघा की! काय बदाम काढलाय!"

"बघितलाय. त्यो धूर मीच भरत हुतो. डिझेल असतंय आन् रंग."

"मग इकडं काय बघताय?"

"इमान पडलं तर कुनावर पडंल, ते बघतुय."

झालं. सगळ्या मजेवर पाणी. पुढचा अर्धा तास मी प्रत्येक विमान आता पडतं की मग पडतं, याच हिशेबानं पाहिलं. शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला, तेव्हा चाचांचे हात मागेच बांधलेले होते. ते टाळ्या वाजवत नसत. विमानं उतरून इंजिनं बंद झाली की मगच ते "हं" म्हणत. एवढंच कौतुक.

चाचांचं घराणं यवतमधलं जुनं. आजोबा टांग्याच्या घोड्यांना नाल मारायचे, वडिलांचं सायकलींचं दुकान होतं. चाचा मॅट्रिक होऊन एअरफोर्समध्ये गेले, विमानांची देखभाल शिकले आणि पुढं काही वर्षं कसरती करणाऱ्या विमानांच्या तुकडीवर होते. उडायला नव्हे हं, जमिनीवर. पायलटला शिडीवरून वर चढवायचं, पट्टे आवळायचे, विमान सोडायचं आणि परत येईपर्यंत वाट बघायची, हे त्यांचं काम. अंगकाठी सडपातळ, पाठ ताठ, आणि कंपनीनं दिलेल्या गमबुटांनाही पॉलिश. गमबुटाला पॉलिश करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

घरातही तेच. चाची एकदा मला म्हणाल्या, "ह्यांच्याशी लगीन करून मी बी नोकरीलाच लागले बघ. दूध तापवायचं तर आधी पातेलं, मग ग्यास, मग काडी, असं मोठ्यांदा म्हनून दाखवावं लागतंय." चाचा आतून ओरडले, "आन् इतक्या वर्सात दूध उतू गेलंय का?" चाची म्हणाल्या, "न्हाई गेलं. पन माझं डोस्कं गेलं."

त्यांच्या सायकलच्या कॅरिअरला फक्कीचा डबा बांधलेला असे. मैदानावर आखणी करायला वापरतात ती पांढरी फक्की. गावात लग्नात फटाके लागणार असले, क्रिकेटची मॅच असली, ट्रकवर ट्रॅक्टर चढवायचा असला, काहीही असलं तरी चाचा जाऊन एक रेघ मारून येत. "पब्लिक हितं." कुणी विचारलेलं नसायचं. एका वरातीत नवरदेवालाच त्यांनी रेघेमागं उभं केलं होतं. नवरदेवाचा बाप चिडला, तर म्हणाले, "तुमचंच पोरगं हाय, मला काय!" आणि रेघ आणखी दोन पावलं मागं घेतली.

कंपनीत त्यांचा एक प्रश्न सगळ्यांना तोंडपाठ होता. सेफ्टीचं ट्रेनिंग चालू असायचं, कुणीतरी नियम घडाघडा म्हणून दाखवायचा, टाकीत उतरायच्या आधी हवा तपासावी, वगैरे. चाचा शांतपणे विचारायचे, "ह्या नियमाचं मयत कोन?"

पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारा वेडाच आहे. पण त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक नियमाखाली एक माणूस पुरलेला असतो. कोणी तरी मेल्याशिवाय कुणी नियम लिहीत नाही. आणि "मयत ठाऊक न्हाई त्यो नियम माणूस पाळत न्हाई." मग ते त्यांच्या कसरतींच्या नियमांची मयतं सांगायला लागायचे. यवत ते कुरकुंभ बसमध्ये दुसरं करायचं काय? आम्ही ऐकायचो. मागच्या सीटवरचे झोपायचे, पण मी ऐकायचो.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा विमानं उरली आणि पायलट रिकामे झाले, इथून ते सुरू करायचे. ते पायलट जत्रा-जत्रांतून विमानं फिरवायचे, उडत्या विमानाच्या पंखावर माणूस चालवायचे. मग फौजांना वाटलं, आपलीही ऐट दाखवावी. इंग्रजांकडं तर तीन विमानांचे पंख एकमेकांना दोरीनं बांधून उडवत. "दोरीसकट वर जायचं, कोलांटी मारायची आन् दोरीसकट खाली यायचं. बोला!" मी विचारलं, "पण कशासाठी?" चाचा म्हणाले, "टाळ्यांसाठी. लढाईत मरायचं तर देशासाठी तरी मरतोय मानूस. हितं टाळ्यांसाठी. त्या टाळ्यांचा लई राग हाय मला."

मग जेट विमानं आली, वेग वाढला, गर्दी वाढली. परदेशात एकदा समोरासमोरून येणारी विमानं छेदून जाताना हवेत धडकली आणि एक थेट लोकांत पेटत आलं. लोक आइस्क्रीम खात उभे होते म्हणे. तेव्हापासून विमानाचं नाक लोकांकडे करायचं नाही, हा नियम कडक झाला. आणखी एक ते नेहमी सांगत. चौघं जण एका ओळीत कोलांटी मारत होते. पुढच्याचं विमान वेळेत वर निघालं नाही, तो जमिनीत गेला. त्याच्यामागं बाकी तिघंही तसेच गेले. "कारन जिमिनीकडं बघायचंच न्हाई, फकस्त पुढच्याच्या पंखाकडं बघायचं, हीच शिस्त. शिस्तीनं मेले चौघं." हे सांगताना त्यांचा आवाज कधी चढत नसे. बस चौफुल्याला थांबायची, दोघं-तिघं चढायचे, चाचा सरकून जागा द्यायचे आणि पुढचं मयत सुरू.

ह्या गोष्टींचा कंपनीला उपयोग काय, तर एकदा झाला. कसरतीचे पायलट उडायच्या आधी मोकळ्या जागेत एकामागोमाग चालतात, डोळे मिटून, हातात विमानाचा दांडा असल्यासारखा हात हलवत, लीडरचे हुकूम तोंडानं म्हणत. अख्खी कसरत आधी पायांनी करतात. चाचांनी आमच्या प्लँटच्या ऑपरेटर लोकांना तेच करायला लावलं. महिनाभर बंद असलेला प्लँट सुरू करायचा होता. अंगणात फक्कीनं पाइपा आखल्या, वॉल्व्ह आखले आणि बारा माणसं डोळे मिटून हवेतले वॉल्व्ह फिरवत चालायला लागली. मोठ्या साहेबांनी खिडकीतून पाहिलं आणि खाली निरोप आला, "ही कसली प्रार्थना चालू आहे?" हसून हसून आमची पुरेवाट. पण तिसऱ्या फेरीला एक ऑपरेटर मध्येच थांबला, डोळे उघडले आणि म्हणाला, "आयला, ह्यो मी उघडला तर पल्याडचा आधीच बंद पायजे की! कागदावर उलटं लिव्हलंय." कागदावर खरंच उलटं लिहिलेलं होतं. त्यावर अधिकाऱ्यांच्या सह्या होत्या, माझीही होती. त्यानंतर मी हसणं बंद केलं.

चाचा कुणालाही अडवत. कंपनीच्या डायरेक्टरची गाडी गेटवर थांबवून "साहेब, खिशातली काडीपेटी" म्हणणारा माणूस तो. फक्त एका जातीच्या माणसापुढं त्यांची जीभ टाळ्याला चिकटे, ती म्हणजे पायलट. पायलटचा विषय निघाला तरी बसच्या सीटवर सरळ होऊन बसत. नाव घेत नसत, "पायलटसाहेब" म्हणत. मला वाटायचं, फौजेची सवय.

खरं कारण कळलं ते माझ्याच एका गाढवपणामुळे. एकदा माझ्या सीनियरनं एका बॅचचं तापमान चुकीचं वाचलं. मला दिसलं होतं. पण साहेब मोठे, अनुभवी, आपण कालचं पोर, म्हणून गप्प बसलो. बॅच वाया गेली. कुणाला इजा झाली नाही, पण चाचांना कसं कोण जाणे कळलं. जेवणाच्या सुट्टीत मला कॅन्टीनमागच्या कडुनिंबाखाली नेलं. मला वाटलं, आता झाडणार.

"तुला दिसलं हुतं?"

"हो."

"मग?"

"साहेबांना कसं सांगणार, चाचा?"

ते खाली बसले. मग म्हणाले, "केमिस्ट, तुला सांगतुय. चाचीलाबी ठाव न्हाई."

तेव्हा ते कॉर्पोरल होते, सार्जंटच्या एक पायरी खाली. तुकडीचा सराव समुद्राकाठच्या तळावर चालायचा आणि कार्यक्रम होता वर पठारावर, देशावरच्या एका तळावर. विमानात उंची दाखवणारं एक घड्याळ असतं. ते हवेच्या दाबावर चालतं आणि बटण फिरवून लावावं लागतं. प्रवासात ते समुद्रापासून उंची दाखवतं. कसरतीच्या आधी मात्र ते त्या मैदानावर शून्याला आणायचं, म्हणजे वर गेल्यावर जमीन किती खाली आहे ते नेमकं कळतं. कोलांटी मारताना वरच्या टोकाला पायलट त्या काट्याकडे एक नजर टाकतो. ठरलेला आकडा दिसला तरच खाली यायचं.

"त्या दिवशी मी एका पायलटसाहेबांचे पट्टे आवळले. तरना मानूस. लई हसरा. काट्याकडं नजर गेली. काटा शून्यावर नव्हता. दीड हजाराच्या फुडं हुता. प्रवासातनं आला तसाच. चीफ गेस्ट येऊन बसलेले, रेडिओवर बोलनं चाललेलं. मी म्हटलं, साहेब हाय, फिरवंल. मी कोन सांगनार? शिडी काढली, सॅल्यूट ठोकला."

पुढचं मला कळलं होतं, तरी ते सांगत राहिले. वरच्या टोकाला काट्यानं भरपूर उंची दाखवली. ती खरी नव्हती. जमीन दीड हजार फूट आधीच आली.

"मी हात वर करायला पायजे हुतं," असं म्हणून त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन एकमेकांवर फुली केली. "जिमिनीवरच्या मानसानं अशी फुली दावली की इमान थांबवायचंच. मग आत कोनीबी असूंदे, एअर मार्शल असूंदे. तेवढा एकच हुकूम आमच्या हातात असतुय. मी न्हाई केली."

पण त्यांचं खरं दुखणं याच्यापुढं होतं. चौकशी झाली. मोडलेल्या घड्याळावरून कळलं, की काटा चुकीचा लावलेला होता. प्रश्न एवढाच उरला, की तो जमिनीवरच तसा होता, का पायलटनं हवेत बटण फिरवलं? चौकशीच्या टेबलासमोर कॉर्पोरलला विचारलं, तू पाहिलास तेव्हा काटा कुठं होता?

"मी सांगितलं, शून्यावर हुता, सर."

"चाचा!"

"भ्यालो. नोकरी जाईल म्हनून भ्यालो. त्यांनी लिव्हलं, पायलटनं वर जाऊन सोताच्या हातानं उलटं फिरवलं. मेलेल्या मानसाच्या माथी मी येडेपना मारला, केमिस्ट. त्याच्या घरच्यांनाबी तेच सांगितलं असंल." मग म्हणाले, "त्याच्यानंतर नियम झाला. पट्टे आवळनारानं म्हनायचं, सर, काटा वाचा. पायलटनं मोठ्यांदा वाचायचा. त्या नियमाचं मयत माजं हाय."

मला त्यांची कीवही आली आणि रागही आला. त्या हसऱ्या पायलटचा विचार मनातून जाईना. कितीतरी दिवस मी बसमध्ये त्यांच्या शेजारी बसलो नाही. मग एक दिवस त्यांनीच आपल्या शेजारची सीट रुमाल टाकून धरून ठेवली. बसलो.

यानंतर पाचेक वर्षांनी केंदूरच्या मामांच्या डोक्यात पुष्पवृष्टी शिरली. हे माझे सख्खे मामा. जमीनजुमला बक्कळ, गावच्या सोसायटीचे चेअरमन, आणि हौस तर विचारू नका. गावच्या शाळेची नवी इमारत झाली होती, उद्घाटनाला पुढारी यायचे होते. मामांनी मला बोलावलं. "तुझ्या त्या इमानवाल्या चाचाला इचार. शाळंवर इमानातनं फुलं टाकायची. नुसती टाकायची न्हाईत, एखादी गिरकी बी मारली पायजे. दहा गावांत नाव झालं पायजे."

चाचांनी साफ नाही म्हटलं. पण मामा ऐकणारे नव्हेत. त्यांनी पुण्यातून स्वतःच माणूस शोधून काढला. दोन सीटचं हलकं विमान उडवणारे एक रिटायर साहेब, फुलं टाकणं, जाहिरातीचे कागद टाकणं असली कामं घेणारे. परवानग्यांचंही मामांनीच पाहिलं. माझ्याकडे काम आलं झेंडूच्या पाकळ्या पोचवायचं. विमान यवतच्या उत्तरेला, भीमेकाठच्या एका मोकळ्या रानातून उडणार होतं. मी मोटरसायकलवर पोतं घेऊन निघालो, तर चाचा स्टॉपवर फक्कीचा डबा घेऊन उभे. "चल, मी बी येतु. तिथं कोन तरी इमानाच्या पंख्याजवळ जाईल." मागं बसले.

रानात पोचलो. साहेब विमानाजवळ उभे होते. साठीला टेकलेले, केस पांढरे, नाकावर चष्मा, पण उभं राहणं असं, की वय विसरावं. चाचा मोटरसायकलवरून उतरले आणि जागीच ताठ झाले.

साहेबांनी निरखून पाहिलं. "कॉर्पोरल? अरे, तू इथं?"

"सार्जंट झालो, सर. मग रिटायर."

हे साहेब म्हणजे त्या तुकडीचे लीडर. त्या अपघाताच्या दिवशी सगळ्यात पुढच्या विमानात हेच होते. दोघं हसले, हात मिळवले, जुन्या माणसांची नावं निघाली. त्या पायलटचं नाव मात्र दोघांनीही काढलं नाही. माझ्या लक्षात आलं.

चाचांनी पंख्याभोवती फक्कीची रेघ मारली, पाकळ्यांचं पोतं मागच्या सीटवर बांधलं, पोत्याचं तोंड उघडायची दोरी साहेबांच्या हाताशी आणून ठेवली. साहेब आत बसले. चाचांनी पट्टे आवळले, इतक्या वर्षांनी हात आपोआप चालले. साहेब खुशीत सांगत होते, "तुमच्या त्या चेअरमनला शब्द दिलाय. चारशे फुटांवरून येतो, शाळेवर एक कडक वळण मारतो आणि तिथंच फुलं सोडतो."

चाचांची नजर घड्याळावर गेली. मी शेजारीच होतो, मलाही दिसलं. काटा शून्यावर होता, नदीकाठच्या रानाच्या शून्यावर.

"सर, केंदूर हितनं उंचावर हाय. तीनशे फूट तरी."

"हो रे, माहितेय मला," साहेब म्हणाले आणि चष्मा सारखा करून इंजिन सुरू केलं.

काटा त्यांनी तसाच ठेवला. केंदूरला चारशे दाखवेल तेव्हा खाली जेमतेम शंभर फूट असणार होते, आणि वळण घ्यायचं ते अंगणात जमलेल्या लोकांवर. शाळेमागून विजेची लाइन गेलेली, हे मला माहीत होतं. चाचांना त्यातलं सगळंच ठाऊक होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. पंखा फिरायला लागलेला, धूळ उडालेली, आणि चाचांचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, झालं, परत तेच. आता हा माणूस सॅल्यूट ठोकणार.

मी ओरडणार होतो. खरंच ओरडणार होतो. पण चाचा चालत विमानासमोर गेले, वीस पावलांवर उभे राहिले आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली.

इंजिन बंद झालं. साहेबांनी विचार केला असेल असं मला वाटत नाही. त्यांचे हात आपोआपच गेले असणार.

"काय झालं? कुठं गळती आहे का?"

"काटा वाचा, सर."

"काय?"

"काटा वाचून दावा. नियम हाय."

साहेब भडकले. "तो टीमचा नियम होता! हे माझं विमान आहे. हट समोरून."

"नियम तुमीच केला, सर. त्या ॲक्सिडेंटनंतर."

"शून्य!" साहेब ओरडले. "बस? तीस वर्षं उडवतोय मी. मला डोळे आहेत, कॉर्पोरल!"

"त्यांनाबी डोळे हुते, सर."

साहेबांचा आवाज बदलला. "त्याचं वेगळं. त्यानं हवेत बटण फिरवलं होतं. तूच सांगितलंस ना, जमिनीवर काटा शून्यावर होता म्हणून."

मला वाटलं, चाचांनी आता गप्प बसावं. काटा बदलून घ्यावा, विषय तिथंच मिटवावा. कुणाला कळणार होतं? एवढी वर्षं झाकलेलं आणखी थोडी वर्षं झाकलं असतं. पण काटा बदलण्याइतकं कारण साहेबांना मिळालेलं नव्हतं, आणि हे चाचांना माझ्याआधी कळलं होतं.

"खोटं बोललो, सर," चाचा म्हणाले. हात अजून वरच होते. "जिमिनीवरच चुकला हुता. दीड हजाराच्या फुडं. मी बघितला, आन् साहेबांना कसं सांगावं म्हनून सोडून दिला. त्यांनी वर काय बी फिरवलं न्हाई. त्यांना बी दिसला न्हाई, जसा आज तुमाला दिसत न्हाई."

साहेबांनी चष्मा काढला. बराच वेळ हातात धरून ठेवला. मग माझ्याकडे बघून, जणू मलाच सांगायचं असल्यासारखं म्हणाले, "त्याच्या आईला मी स्वतः जाऊन सांगितलं होतं. तुमच्या मुलानं हवेत चूक केली म्हणून. तिनं मला विचारलं, असा कसा वेडेपणा केला त्यानं? मी म्हटलं, पोरगा घाईचा होता."

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

मग साहेबांनी चष्मा लावला, वाकून बटण फिरवलं आणि म्हणाले, "वाच."

चाचा हात खाली घेऊन जवळ आले, आत वाकले. "शून्याच्या खाली तीनशे, सर." म्हणजे केंदूरच्या जमिनीला शून्य दाखवेल, असं.

"शून्याच्या खाली तीनशे," साहेब म्हणाले.

चाचा बाजूला झाले, सॅल्यूट ठोकला. साहेबांनी पाहिलंही नाही. विमान धावलं, उठलं आणि नदीवरून गेलं.

आम्ही मोटरसायकलवर केंदूरला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. साहेब चांगले पाचशे फुटांवरून सरळ आले, सरळ गेले. गिरकी नाही, वळण नाही. पाकळ्या वाऱ्यावर निघाल्या त्या शाळेवरून पुढं जाऊन कुणाच्या तरी कांद्याच्या वाफ्यांत पडल्या. मामा लालबुंद. "ही पुष्पवृष्टी म्हनायची का काय? पुढारी आ करून वर बघतायत आन् फुलं कांद्याला!" उशीर का झाला ते सांगताना माझ्याच तोंडून निघून गेलं, की चाचांनी विमान अडवलं. चारचौघांत बोलले, नको नको ते बोलले. कुठल्या तरी एकानं मध्येच मामांना म्हटलं, "आबा, मागली लाइन बंद करायला सांगितली हुती ना? ती चालूच ऱ्हायली की." मामा त्याच्यावरच ओरडले. चाचांनी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं आणि गर्दीला म्हणाले, "चला, मांडवाच्या दोऱ्यांपासनं लांब व्हा."

आम्ही न जेवता परतलो. मामा पुढं दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत.

महिन्याभरानं चाचा बसमध्ये एक पाकीट घेऊन आले. इंग्रजीतलं पत्र होतं. वाचता त्यांनाही येत होतं, पण म्हणाले, "तू वाच." साहेबांचं होतं. लिहिलं होतं, की ते त्या पायलटच्या आईला भेटून आले. बाई आता खूप म्हाताऱ्या झाल्या आहेत. त्यांना खरं काय ते सांगितलं. त्या उठून भिंतीवरच्या मुलाच्या फोटोजवळ जाऊन उभ्या राहिल्या. चाचांनी खरी हकिगत सहीनिशी लिहून पाठवावी, ती साहेब एअरफोर्समध्ये वर देतील. आणि शेवटी दोन ओळी होत्या, की मी तुला कधीही माफ करणार नाही, यापुढं माझ्यासमोर येऊ नकोस.

माझं डोकंच फिरलं. बसमध्येच मोठ्यानं बोललो, "हे काय चाचा? तुम्ही त्यांचा जीव वाचवलात! इतक्या वर्षांनी स्वतःची अब्रू घालवून वाचवलात! एक शब्द तरी त्याबद्दल लिहायचा. वर हा राग!"

चाचांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं. हकिगत त्यांनी आदल्या रात्रीच लिहून काढली होती, तीही त्याच खिशात होती, रजिस्टर पोस्टानं जायची. त्यांचे डोळे भरलेले होते, पण आवाज नेहमीसारखाच होता.

"रागावू दे, केमिस्ट," ते म्हणाले. "रागवायला मानूस जित्ता लागतुय."